डोंगर कुठं जातोय?

आबा, तुम्ही मरून किती पावसाळे झाले, पण तुमचं तोंड काही बंद झालं नाही. तुमचा धाकटा, माझा दीर, तोंड उघडतो आणि आतून तुम्हीच बोलता. "डोंगर कुठं जातोय?" मागच्या भिंतीला ओल आली, डोंगर कुठं जातोय. वाडीच्या वर माळाला भेग पडली, डोंगर कुठं जातोय. सासरा गेला की सुनेची सुटका होते म्हणतात. माझी नाही झाली. म्हणून तिसरी शिकलेल्या हाताने लिहायला बसले आहे. अक्षर वाकडं आहे, पण तुम्हाला तरी कुठं वाचता येत होतं.

मी नवी होते तेव्हाचा एक दिवस सांगते. लावणी चालू आहे, मी चुलीपुढं बसले आहे, आणि चुलीमागच्या भिंतीतून लाल गढूळ पाणी झिरपतंय. मी तुम्हाला हाक मारली. तुम्ही ताटावरून हलला नाहीत. सगळ्यांसमोर म्हणालात, "बायकांनी चुलीतला जाळ बघावा. डोंगर बघायला आमी हाव." सासूबाई हसल्या. मी शेणामातीने भिंत लिंपली आणि गप्प बसले. त्याच्या आदल्या हिवाळ्यात तुम्ही वरच्या अंगाची सगळी झाडं कोळशाच्या ठेकेदाराला विकली होती. ज्याने झाडं विकली तो कुठल्या तोंडाने म्हणेल की डोंगर सैल झाला? हे कळायला मला म्हातारपण यावं लागलं. त्याच साली तुम्ही मला पावसात डोक्यावर घ्यायला इरलं विणून दिलं होतं. चांगलं होतं, एक थेंब आत आला नाही. हेही लिहिते, नाहीतर म्हणाल सून नुसत्या शिव्याच घालते.

तेव्हा पाऊस दिवसच्या दिवस लागून राहायचा, पण जमिनीला प्यायला वेळ द्यायचा. आता श्रावणासारखं ऊन आषाढात पडतं, रोपं पिवळी पडतात, आणि मग एका दुपारी पखाल फाडल्यासारखा कोसळतो. पलीकडं तळीये गावावर डोंगर कोसळला, घरंच्या घरं गाडली गेली, तेव्हा आपल्या वाडीत कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. बाप्ये रडले. आणि थोडे दिवस गेल्यावर तेच बाप्ये म्हणायला लागले, त्यांचा डोंगर वेगळा, आपला वेगळा.

यंदा पावसाआधी सरकारकडून डोंगर तपासायला एक पोरगी आली. भेगेपर्यंत चढून गेली, भेग किती रुंदावते ते मोजायला खुंट्या मारून आली, आणि काळकाईच्या देवळात गावकी बसली तिथं बोलली. धुरानं हवा तापली, समुद्र तापला, तापलेली हवा जास्त पाणी उचलते आणि एकदम ओतते, ते या उताराला सोसणार नाही. पावसाचे महिने पोलादपूरच्या रस्त्याला पत्र्याच्या खोल्या दिल्या आहेत, तिथं चला. रेघारेघांचे कागद दाखवले. खरं बोलत होती बिचारी. एक म्हातारा उठून म्हणाला, "ताई, तुमी डोंगर शिकलाव, आमी डोंगरात जल्मलाव." झालं, सगळं देऊळ हसलं. तुमचा नातू, दिराचा पोरगा, मुंबईहून आलेला, त्याने मोबाईल काढला. "काकी, ये सब फेक है. हा बघ व्हिडिओ. गोऱ्या लोकांची नाटकं. आपण उठलो की इथं रिसॉर्ट बांधतील." रिसॉर्टचं तो अगदीच खोटं बोलत नव्हता, महाबळेश्वरच्या रस्त्याला काय चाललंय ते आम्हाला दिसतं. पण मी म्हटलं, "रे, तुझ्या मोबाईलला ओल लागली की तू तो तांदळात पुरतोस, आणि घराला लागली की डोंगर कुठं जातोय?" पुन्हा हसले सगळे. शिवी दिली की माणूस हसतो, जागचा उठत नाही.

एकटा दीर हसत नव्हता. तो खाली बघत होता, आणि मला त्याची खाट आठवली. मागल्या पावसात ती मागच्या खोलीतून पुढं पडवीत आली होती. विचारलं तर म्हणाला, आत डास हाईत. म्हणजे त्याला ठाऊक होतं. ज्याला खरंच भ्या नाही तो मागच्या खोलीत झोपतो. पोरीचे कागद त्याला कळले नाहीत असं नव्हतं. ते कागद खरे म्हटले की तुम्ही खोटे पडत होतात, आणि तुम्ही खोटे पडलात तर तुमचं घर, तुमचं शेत, तुमच्यासारखं बोलणारा तो, सगळंच पडत होतं. त्याला कागद नको होता. त्याला तुमची परवानगी हवी होती.

गावकीत बायका बोलत नाहीत. मी उठले, देवीपुढच्या नारळावर हात ठेवला आणि म्हटलं, "आबांचं शेवटचं सगळं मी केलं, जवळ दुसरं कुणी नव्हतं. जाताना ते मला म्हणाले, वरून पाणी पाझरायला लागलं की थांबू नका. मानसं न्या, गुरं न्या."

दीर म्हणाला, "आबा असं बोलले?"

"बोलले."

"मग इतकी वर्सं का नाय सांगितलंस, वयनी?"

"तू कधी इचारलंस?"

त्याने देवीपुढं हात जोडले. मग म्हणाला, "आबांचा शब्द हाय. जायला होवं." आणि त्याच्यामागून वाडी उठली. तुम्ही खरं काय बोललात ते आपल्या दोघांनाच माहीत आहे. पेज तोंडातून बाहेर काढलीत आणि म्हणालात, "मीठ नाय."

पत्र्याच्या खोल्यांत पावसाळा काढला. उकाडा, सामायिक संडास, दिवसभर भांडणं. पाऊस आला तसा धो धो आला, भेग रुंदावली असं पोरगी सांगून गेली, पण डोंगर काही खाली आला नाही. नातू येता-जाता टोचतो, "काकी, डोंगराला फोन लावू काय, कधी निघतोस इचारतो." आणि दीर काय म्हणतो ऐका. म्हणतो, "आबांचं चुकलं." जन्मभर त्याला तुमची एक चूक दिसली नाही, आणि दिसली ती जी तुम्ही केलीच नाही. पुढल्या पावसाआधी त्याला पुन्हा उठवायचं आहे, आणि नारळावरची शपथ दोनदा चालत नाही. काय करायचं ते मी बघेन. तुम्हाला विचारत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. एक मात्र लिहून ठेवते, कारण वाडीत कुणाला सांगायची सोय नाही. रोज सकाळी मी खोलीबाहेर येऊन वाडीकडं बघायची. वर चिटपाखरू नाही, सगळी घरं रिकामी, त्यात माझंही. खूप पाऊस झाल्यावर एका सकाळी बाहेर आले आणि डोंगर जागच्या जागी दिसला, तेव्हा आबा, मला वाईट वाटलं.