कोंबड्यांआडचा डॉक्टर

२४ ऑगस्ट
कॉलेजचा पहिला दिवस. डॉक्टर व्हायचं, हे पक्कं. इथली रीतच अशी : आधी चार वर्षं कशाचीही पदवी, मग मेडिकल. पण जागा मूठभर आणि टपलेले शेकडो. म्हणून ठराव : आपला बेत कुणालाही कळू द्यायचा नाही. आईला माहीत आहे, पण ती दोनशे मैलांवर आहे.
खोलीतला जोडीदार ऑरिन टीग. आल्या आल्या घरचा केक पुढे केला आणि विचारलं, काय शिकणार रे तू? पहिल्या पाच मिनिटांत हा प्रश्न! केक खाल्ला. उत्तर दिलं नाही.

२७ ऑगस्ट, दुपारी
विषय निवडायला सल्लागार प्रुइटबाईंकडे. बाई म्हणाल्या, अरे लाइल, मेडिकलला जाणारेसुद्धा आवडेल तो विषय घेतात, फक्त केमिस्ट्री आणि बायॉलॉजी सांभाळतात. आवडेल तो! एवढी सूट कोण देतं? कुठेतरी पाणी मुरतंय. शिवाय मागे मार्सेला डन्फी नावाची मुलगी रांगेत उभी, कान टवकारून. मी मोठ्याने सांगितलं, मला कुक्कुटपालन शिकायचंय. बाईंनी चष्मा पुसला. म्हणाल्या, या वर्षीचा तू पहिलाच बाबा.
केमिस्ट्री आणि बायॉलॉजी घेतली. कारण दिलं : कोंबड्यांचं खाद्य.

१९ सप्टेंबर
ऑरिन म्हणतो, मी संगीत शिकतो. दिवसभर ट्रॉम्बोन फुंकतो. इतकं वाईट वाजवणारा माणूस संगीताचा विद्यार्थी असूच शकत नाही. नक्की छुपा डॉक्टर.

११ ऑक्टोबर
केमिस्ट्रीत शंभरात बत्तीस. मार्सेला सगळ्यांना अभ्यासाला बोलावते, मलाही बोलावलं. गेलो नाही. चार दिवस एकत्र बसलो की माझी हुशारी उघडी पडायची.

३ डिसेंबर
वाढदिवस. ऑरिनने कोंबडा रंगवलेला कप दिला. स्वतः रंगवला म्हणे. याला माझ्यात एवढा रस का?
कॉफी मात्र बराच वेळ गरम राहते.

१४ फेब्रुवारी
मोठी बातमी. ऑरिनची आत्या गावात डॉक्टर आहे. उन्हाळ्यात एका विद्यार्थ्याला ती दवाखान्यात सोबत ठेवणार. असं डॉक्टरच्या मागे हिंडल्याशिवाय मेडिकल कॉलेजवाले प्रवेश देत नाहीत. गावात दुसरा डॉक्टर आहे, तो विद्यार्थ्यांना दारातही उभं करत नाही. म्हणजे हीच एक जागा. ती मला मिळालीच पाहिजे.
ऑरिन म्हणाला, तुला हवीय का रे? आत्याकडे शब्द टाकतो. उघड सापळा! मी म्हणालो, माझा जीव कोंबड्यांत आहे.

२० फेब्रुवारी
पुन्हा तेच. नक्की ना रे? केमिस्ट्री करतोस म्हणून विचारतोय. पाहा, माझ्या केमिस्ट्रीवर डोळा! सांगितलं, रक्त पाहिलं की मला घेरी येते. कोंबडीचं चालतं.
आता ठराव : परस्पर आत्याला गाठायचं.

९ मार्च
गेलो. दारात बसलेल्या बाईने विचारलं, काय होतंय? लोक ऐकत होते. म्हणालो, घसा. आत्याने जिभेवर लाकडी पट्टी दाबली. पट्टी तोंडात असताना बेत सांगता येईना. ती म्हणाली, तूच ना ऑरिनचा कोंबडीवाला? किती कौतुक करतो रे तुझं! आणि घसा अगदी ठणठणीत आहे तुझा.
तिने पट्टी काढल्यावर मी सहजच विचारल्यासारखं विचारलं, उन्हाळ्यात सोबतीला कोण? म्हणाली, मार्सेला येणार आहे, कालच ठरलं.
ताकाला जाऊन भांडं लपवलं. ताक दुसरीने नेलं.

२ मे
ऑरिन नाचतच खोलीत आला. दोन महिने मामाच्या मागे लागून माझ्यासाठी उन्हाळ्याचं काम मिळवलंय. मामाचं अंडी उबवण्याचं केंद्र आहे. मला राहवलं नाही, खरं सांगून टाकलं. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी. म्हणाला, तू आणि डॉक्टर? काहीही थापा मारतोस लेका!
प्रुइटबाईंनी फलकावर माझा फोटो लावलाय. खाली लिहिलंय : स्वतःचं मन ओळखणारा विद्यार्थी.

१२ जून, रात्री उशिरा
सकाळपासून मामाच्या केंद्रात पिल्लं निवडली. मार्सेला अंडी घ्यायला आली होती, दवाखान्याचा पांढरा कोट घालूनच. म्हणाली, हेवा वाटतो रे तुझा, तुझं सगळं ठरलेलं असतं.
रात्री ऑरिनचा चर्चमध्ये कार्यक्रम होता. ऐकायला मामा, आत्या, मी आणि दोन म्हाताऱ्या. फार वाईट वाजवलं. पण घामाघूम होऊन, डोळे मिटून, जीव ओतून वाजवलं. संपल्यावर पहिल्यांदा माझ्याकडेच पाहिलं.
वर्षभर तो खरंच संगीतच शिकत होता. मला फार लाज वाटली. खूप टाळ्या वाजवल्या.