जुबाची मुलगी

न्यूपोर्ट, रोड आयलंड

प्रिय बाबा,

तुमच्या डॅमरिसचा मनापासून नमस्कार. मी, सायलस आणि बाळ, आम्ही सगळे बरे आहोत. तुमचा खोकला कसा आहे? उसाची तोडणी उरकली का?

काळजीचं काही नाही, पण तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. मागच्या रविवारी प्रार्थनासभेत म्हातारे ओबेडाया काका उभे राहिले. गुलामांबद्दल म्हणाले, "ज्याच्या अंतरात देवाचा उजेड आहे, त्याला विकत घेणारे आपण कोण?" निम्मे लोक रागानं निघून गेले. माझा मात्र पाय उचलेना.

घरी आल्यावर मी जुबाला मोकळं केलं. तुम्ही लग्नात मला दिलेली दासी ती, रागावू नका. सायलस अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

वाटलं होतं, जुबाला आनंद होईल. ती म्हणाली, "बाई, तुमचा देव बार्बाडोसला नसतो का? माझी पोर फिबा अजून तिथंच, तुमच्या वडिलांच्या मळ्यावर आहे."

म्हणून हे पत्र लिहायला बसले. बाबा, फिबाला मोकळं करून पुढच्या जहाजानं इकडं पाठवा. मागच्या पत्रात तुम्ही काही माणसं विकणार म्हणाला होतात. त्यांत ती नव्हती ना?

तुमचीच लेक,
डॅमरिस