आमच्या गाडीचे निलंबन

६ एप्रिल, रविवार. रामनवमी.

हे मंगलमूर्ती, हे वाग्देवते, आणि आज माध्यान्ही पाळण्यात निजलेल्या रघुनंदना, या दुबळ्या लेखणीवर कृपादृष्टी असो. विषय गाडीच्या सस्पेन्शनचा आहे. शुद्ध मराठीत, निलंबनाचा.

चिरंजीव आमोद जर्मनीस जाताना आपली लाल, बुटकी, स्पोर्टी गाडी माझ्या हवाली करून गेला. ती मी रोज चालवतो. सौ. सुनीतीची थोरली बहीण कुसुम हिचा गुडघा बदलला असल्याने सौ.स रोज गुलटेकडीहून खराडीस न्यावे लागते. वाटेत मी तिला निरूपण ऐकवतो. घरी तिला स्वयंपाक असतो, फोन असतो, शेजार असतो. गाडीत मात्र पट्टा बांधलेला असतो.

काल ती म्हणाली, या गाडीत माझी कंबर भरून येते, मी आपली रिक्षाने जाईन. लग्नापासून तिने वेगळे वाहन मागितल्याचे स्मरत नाही. रात्री नीट झोप लागली नाही. शेजारची सीट रिकामी ठेवून मी खराडीस कोणासाठी जावे?

संकल्प: निलंबन सुधारायचे. सुनीती परत गाडीत बसेल.

८ एप्रिल, मंगळवार. कामदा एकादशी.

उपवास. साबुदाण्याची खिचडी आणि यूट्यूब. स्प्रिंग गाडीला तोलून धरते, डॅम्पर तिची उसळी शमवतो. 'डॅम्पर' हा शब्द संस्कृत 'दम', म्हणजे इंद्रियनिग्रह, यावरूनच गेला असणार. इंग्रजांनी मान्य केले नाही तरी.

सोसायटीच्या ग्रुपवर लिहिले : 'माझ्या निलंबनाबाबत अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे.'

सायंकाळी. अनर्थ. तिसऱ्या मजल्यावरचे रावसाहेब, महापालिकेतून निवृत्त, घरी येऊन माझा हात हातात घेऊन बसले. म्हणाले, धीर सोडू नका, मीही एकदा झालो होतो, शेवटी सन्मानाने परत घेतात. शेजारच्या उल्काताई भगर घेऊन आल्या आणि हळूच विचारत्या झाल्या, भजनी मंडळानं काढलं का हो तुम्हाला? मी निलंबन शब्दाची फोड करून सांगू लागलो. तेवढ्यात सुनीती स्वयंपाकघरातून म्हणाली, निलंबन कसलं डोंबलाचं, लांबण चाललीय नुसती!

सगळे हसले. सौ.स शब्दव्युत्पत्तीची गोडी लागत आहे. निरूपणाचे फळ.

१२ एप्रिल, शनिवार. हनुमान जयंती.

कात्रजला अभिनव नावाच्या तरुणाचे गॅरेज. भाषा मिश्र, श्रद्धा अपुरी. पहिलाच प्रश्न, काका, रेसचा ट्रॅक की डेली? मी म्हटले, नित्य, आणि प्रसंगी नैमित्तिक. तो म्हणाला, म्हणजे डेली. मग नुसते चांगले डॅम्पर टाका, ओरिजिनल स्प्रिंग राहू द्या, काकूंची कंबर खूश. हा फार मामुली उपाय वाटला. भिंतीशी एक पिवळी जोडी उभी होती. तिला कॉइलओव्हर म्हणतात : स्प्रिंग आणि डॅम्पर एकत्र, रिंग फिरवून गाडी हवी तेवढी खाली करता येते. भूमीलगत आसन. विनय. तीच घेतली.

तिच्या डोक्यावर एक बटण असते, रिबाउंडचे. चाक खड्ड्यात दबले की पुन्हा वर येते, ते किती जोराने यावे हे त्यावर ठरते. पुन्हा वर येणे! म्हणजे पुनर्जन्म. हा जितका कमी तितके उत्तम. मी म्हटले, पार बंद करा. अभिनव म्हणाला, काका, एवढं टाइट केलं तर गाडी खाली बसली की वरच येणार नाही. मी म्हटले, बाळा, यालाच मुक्ती म्हणतात. त्याने माझ्याकडे पाहिले आणि पाना उचलला.

१३ एप्रिल, रविवार.

सुनीतीस आग्रहाने बसवले. निरूपण ऐन रंगात. मार्केट यार्डाशी कांद्याच्या ट्रकांत अडकलो. पुढे वाट नाही, मागे वाट नाही. म्हटले, आता निवांत ऐकता येईल. ती म्हणाली, अहो, मी उतरते, पलीकडून रिक्षा मिळेल. कंबर धरून उतरली आणि रस्ता मात्र पळत ओलांडला.

रिक्षाचे निलंबन अत्यंत हीन दर्जाचे असते. तीत ती दांडा धरून चेंडूसारखी उडत होती आणि रिक्षावाल्याशी हसत बोलत होती. केवढी ही सोशिकता.

१६ एप्रिल, बुधवार. संकष्टी. वेळ : चंद्रोदयाची वाट पाहत, गाडीतूनच.

सुनीती रिक्षाने गेली. मी तिच्या मागोमाग खराडीपर्यंत जाऊन एकटा परतलो. खड्ड्यागणिक गाडी थोडी खाली गेली ती वर आलीच नाही. सोसायटीच्या फाटकातल्या गतिरोधकावर पोट टेकून बसली आहे. दोन चाके जगात, दोन जगाबाहेर. मीही अडकलो आहे. आसन इतके खोल की उठता येत नाही. माझी कंबर भरून आली आहे. योगायोग.

वॉचमन धोंडिबा म्हणाला, काका, तुम्ही उतरा, मग चौघं मिळून उचलतो. मी म्हटले, उतरता येत नाही, आधी उचला. तो म्हणाला, तुमच्यासकट नाही उचलणार. दोघेही मोकळे आहोत हे पाहून मी त्याच्याशी देह आणि आत्मा हा विषय काढला. तो फाटक उघडून येतो म्हणून गेला. फाटक उघडेच होते.

२२ एप्रिल, मंगळवार.

अभिनवने पिवळी जोडी काढली. ओरिजिनल स्प्रिंग, नवे मऊ डॅम्पर. हा उपाय मुळात मीच सुचवला होता, असे आठवते. आता डॅशबोर्डवर पाण्याचा पेला ठेवला तरी हिंदकळत नाही. गाडी स्थितप्रज्ञ झाली. सुनीतीस नकार द्यायला कारणच उरले नाही.

३० एप्रिल, बुधवार. अक्षय्य तृतीया.

या मुहूर्तावर जे घडते त्याला क्षय नसतो. सुनीती बसली. गुलटेकडी ते खराडी, एकाही खड्ड्यावर माझे वाक्य तुटले नाही. इतके सलग निरूपण माझ्या हातून कधी झाले नव्हते.

कुसुमच्या दाराशी मी विचारले, कशी वाटली? म्हणाली, झकास झाली हो गाडी, हादरा म्हणून बसला नाही. मी म्हटले, मग उद्यापासून नित्य. म्हणाली, नको, रिक्षावाल्याला सांगून ठेवलंय. मी म्हटले, आणि कंबर?

ती क्षणभर माझा सदरा नीट करत राहिली. म्हणाली, अहो, कंबर कधीच दुखत नव्हती. कान दुखतात असं नवऱ्याला कसं सांगू, म्हणून कंबर सांगितली. पूर्वी निदान खड्डा आला की तुम्ही गप्प तरी बसायचात. आता तीही सोय गेली.

आणि दार उघडून आत गेली.

परत येताना सीट रिकामी. तरीही अभ्यास मोडू नये म्हणून निरूपण मोठ्याने सुरू केले. गाडी हलत नव्हती, वाक्य तुटत नव्हते, थांबायला निमित्त नव्हते. मार्केट यार्ड येईतो मलाच उतरून रिक्षा करावीशी वाटली.

जो कोणी हे वाचील त्याचा प्रवास सुखाचा होवो, त्याला शेजारी सोबत लाभो, आणि त्याच्या वाटेवर प्रभू चार खड्डे अवश्य राखो. शुभं भवतु.