सात वाजता सगळे बिंगो खेळतात

९ सप्टेंबर, संध्याकाळी सात
लुईसा, आधी तारीख लिही. मागच्या वेळी विसरलीस. नवऱ्याचा वाढदिवस विसरतेस तो वेगळाच. मला अक्षर येत नाही पण आठवतं सगळं. तुझं नेमकं उलटं. मी रानातून वायरलेसवर सांगते, तू गावात बसून लिही. ही माझी खासगी रोजनिशी. सातला अख्खं गाव एफएमवर बिंगो लावून बसतं, वायरलेस कोण ऐकतंय?

केबिनच्या चारी भिंती उभ्या. रेडफर्न, माझा छप्पन्न वर्षांचा बाळ, म्हणतो, दहा ऑक्टोबरला येऊन बघीन. छप्पर, चूल, दिवा नीट असले तर हिवाळा इथे काढ. नाहीतर वृद्धाश्रमात चार नंबरची खोली ठरवलीय. खिडकीतून पार्किंग दिसतं म्हणे!
महिना आहे. पंधरा दिवसांत उरकीन.

१२ सप्टेंबर
सोलरचं पॅनेल लावलं. त्यावरच्या सूचना इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये. आमच्या क्री भाषेत एक ओळ नाही, म्हणजे आम्हाला लागू नाहीत. दक्षिणेला दलदल, तिथं मूस हरीण येतं, चकाकीनं बिचकेल. म्हणून उत्तरेला, झाडांच्या आड लावलं.

१५ सप्टेंबर
दिवा पाच मिनिटं लागला, विझला. वायरलेसवर मात्र काल तासभर बोलले. म्हणजे वीज भरपूर आहे, दिवाच भिकार.
तलावापलीकडून नणंदेनं, हॅरिएटनं, बॅनॉक भाकरी पाठवली. पहिल्या घासाला कवळी हलली. उरलेली दाराला अडसर म्हणून लावली. तिला कळवलं, लोण्यासारखी होती.

१८ सप्टेंबर
छप्पर गळतं. फक्त पलंगावर. पोटावर पातेलं ठेवून झोपते. एवढंच.

१९ सप्टेंबर
रेडफर्नला सांगितलं, छप्पर ठणठणीत. तो म्हणाला, बरं आई, पातेलं मोठं आहे की लहान?
ह्याला पातेलं कुणी सांगितलं?

२४ सप्टेंबर
मूस दिसला! घोड्याएवढा नर. शिंगांत पाळणा टांगावा. बीव्हरच्या बांधापलीकडे, आडव्या पडलेल्या बर्चच्या झाडापाशी, रोज पहाटे. जिवंत माणसाला सांगितलेलं नाही. परवा बर्चच्या सालीचा भोंगा करून मादीची हाक घालीन. दाराशी मूस टांगला की रेडफर्न छपराकडे मान वर करणार नाही.

२६ सप्टेंबर
भोंगा घेऊन गेले. बर्चपाशी हॅरिएटचा नवरा एबल, बाह्या वर सारून माझा मूस सोलतोय! म्हणाला, या वहिनी, काय योगायोग बघा.
योगायोग!
लुईसा, फितूर तूच. पाठीवर बांधून वाढवली तुला. म्हणतेस, मावशी, शपथ, मी कुणाला एक शब्द सांगितला नाही. रडू नकोस, लिही.

३ ऑक्टोबर
हॅरिएट दारात. एका हातात ताडपत्री, दुसऱ्या हातात बॅनॉक. म्हणाली, वहिनी, ही दाराला नाही, तोंडाला लावा. मग खुर्ची ओढून सगळं सांगितलं. बिंगो केव्हाच आठवर नेलाय. सातला रानातले बाराही शिकारी तळ आणि सगळं गाव वायरलेसपाशी असतं. सातच्या आत संपावी म्हणून पाद्री प्रार्थना आखडती घेतो. पातेल्याला लोक पोट धरून हसले. वर म्हणते, दिव्याची वीज तुम्ही बोलून संपवता.
लुईसा, शपथ खरी होती तुझी. सांगितलं मीच. पण बिंगो तूही आठलाच खेळायचीस ना? मला एकदा बोलली नाहीस.

१० ऑक्टोबर, सात
रेडफर्न आला. छपराकडे बघितलं नाही, दिव्याचं बटण दाबलं नाही. सरळ पातेलं उचलून होडीत ठेवलं. सकाळी निघायचं.
बॅटरी संपत आलीय. ऐकताय ना सगळे? मोठ्यानं हसू नका, मला पुढचं बोलायचंय. एबल, खोली नंबर चार. माझ्या मूसचं नाक तिथं पाठव, चव सगळी त्यातच असते. उकडलेलं, धुरावलेलं नको. आणि हॅरिएट, बॅनॉक दोन पाठव, मनुके घालून. कवळीचं माझं मी बघीन.