मधल्या खुर्च्यांले आवाज येत नव्हता

बाबा, नाशिकहून दीक्षाचा जयभीम.

फोन आईच उचलते, म्हणून हे पत्र तुमच्या शाळेच्या पत्त्यावर पाठवून राहिली. तब्येत बरी हाये, जेवण वेळेवर होते. पण कालचा राग अजून डोक्यातून उतरला नाही.

काल हॉलमधल्या सभेत मधल्या खुर्च्यांले आवाज पोकळ येऊन राहिला होता. मी ज्यायच्याकडं साउंडचं काम करते, ते मालक सर्वायसमोर म्हणाले, "बाईमाणसाला साउंड कळत नाही. हिला ठेवून मीच चुकलो."

मी मागं जाऊन पाहिलं, तर एका स्पीकरच्या वायरी उलट्या होत्या. एक स्पीकर हवा पुढं ढकले, तवा दुसरा मागं ओढे. दोघांच्या लाटा मधात भेटून एकमेकींले खाऊन टाकत. वायरी बदलल्या अन् आवाज भरून आला.

मंग मी सर्वायसमोरच इचारलं, "हे कोणं जोडलं होतं?" मालकायनंच जोडलं होतं. तरी त्यायनं माफी मागितली नाही.

माफी मागतपर्यंत कामावर येणार नाही, असं सांगून मी रूमवर आली. आईचा गुडघा कसा हाये? तिनं इचारलं तर मले सुट्टी हाये म्हणा.

तुमचीच,
दीक्षा