माझ्या तोंडासमोर मोजा

चिरंजीव धाकटीस,

थोरलीचे पोटभर आशीर्वाद. मी थोरली, तुझी सख्खी बहीण. ओळख पटली का? विचारावं लागतं, कारण मागच्या खेपेस तू आमच्याकडे चांगली राहून गेलीस आणि स्वतःचे दात इथेच विसरलीस. छत्री विसरणारी माणसं मी पाहिली, पिशवी विसरणारी पाहिली, पण कवळी पाण्याच्या पेल्यात ठेवून, वर बोळक्या तोंडाने ‘काही राहिलं नाही ना?’ असं विचारत गाडीत बसणारी बाई तू पहिलीच. नवी कवळी सुखरूप आहे, रोज पाणी बदलते. तुझी कंबर काय म्हणते, तिकडची जुनी कवळी अजून टोचते का, ते कळव. माझी तब्येत ठणठणीत आहे. (पत्र सून लिहिते आहे. मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊकच आहे, पण हिचं अक्षर पाहिल्यापासून त्याचं दुःख राहिलेलं नाही. लिही गं, हेसुद्धा लिही.)

तर झालं असं, की नातवाची बायको तिकडे दूरदेशी आता कधीही बाळंत होईल. माझे गुडघे मला जिना उतरू देत नाहीत, विमानाचं नाव कशाला काढू? म्हणून नात म्हणाली, आजी जाणार नसेल तर आजीचा आवाज तरी जाऊ दे. आपल्या आईची अंगाई रेकॉर्ड करायची आणि बाळ यायच्या आत पाठवायची. ती अंगाई आता जगात दोघींनाच येते, तुला आणि मला. तुझं डोकं कसं आहे ते वर सांगितलंच, तेव्हा काम माझ्याकडे आलं. पतवंड मांडीवर घ्यायला मिळेल न मिळेल, पण त्याला पहिल्यांदा झोपवायचं ते मीच, एवढं मी मनाशी पक्कं केलं आहे.

नातीने माइक आणला. तो दुधीएवढा आहे आणि त्याला उभं राहायला तीन पायांचं स्टँड लागतं. (मला काठी एकच, तरी खर्चिक मीच.) मागच्या खोलीत घुमतं म्हणून भिंतींवर घरातल्या सगळ्या रजया टांगल्या, त्यामुळे गेला आठवडा आम्ही चादरीवर कुडकुडतो आहोत. मग नात म्हणाली, ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना माइकवर फुंकर बसते, मध्ये जाळी हवी. सुनेने आपला जुना पातळ पायमोजा काढला, भरतकामाच्या रिंगवर ताणून बसवला आणि माझ्या तोंडासमोर आणून टांगला. इतकी वर्षं या घरात तोंड चालवलं, पण त्याच्यापुढे मोजा धरायची कुणाची हिंमत झाली नव्हती! (धुतलेला होता, असं ती म्हणते. वास घेऊन मी तो विषय सोडून दिला.)

त्या माइकला नको ते सगळं ऐकू येतं. पंखा बंद केला. फ्रिज बंद केला आणि चालू करायला विसरलो, दूध नासलं. भिंतीवरचं घड्याळ पिठाच्या डब्यात पुरलं, तरी ते आतून टिकटिकत राहिलं. मुलगा पडला कुलपं दुरुस्त करणारा; त्याने तेलाची बाटली घेऊन प्रत्येक बिजागरी, प्रत्येक कडी गप्प केली. मी खुर्चीत बसले तशी कट्कन आवाज झाला, तर हा बाटली घेऊन धावला. म्हटलं, बाबा, तो माझा गुडघा आहे.

सगळं शांत झालं, नातीने बोट वर केलं आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. तुला कळेल. थोपटल्याशिवाय अंगाई म्हटलीय का कधी कुणी? हात चालला की शब्द येतात, हात थांबला की मी मुकी. मांडीवर उशी दिली, तर माइकमध्ये कुणी गादी झोडपतंय असं ऐकू आलं. शेवटी मुलगा म्हणाला, ‘मलाच थोपट ना, आई.’ पन्नाशीचा बाप्या, पोट सावरत माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवा झाला. मी हलक्या हाताने थोपटलं आणि काय सांगू, आवाज असा लागला की वाटलं आईच बसली आहे! चांदोबा झोपला, खार झोपली, आणि तेवढ्यात खाली हा झोपला. घोरणं असं, की माइक हलला. थांबवायला नातीकडे पाहिलं, तर हेडफोनमधून अंगाई थेट कानात गेलेली. ती बाई टेबलावर डोकं टेकून गाढ. मशीन आपलं चालूच. आता त्यात दोन कडवी आहेत आणि पुढे नुसता माझा मुलगा आहे. तिसरं कडवं मशीनने खाल्लं. यंत्रांचा काही भरवसा नाही बघ. बाळाला अर्धी अंगाई कशी पाठवायची?

सगळ्यांना माझी आठवण सांग. आठवणीने सांग.

तुझी,
थोरली

ता. क. नात आणि मुलगा बाहेर गेलेत म्हणून सांगते, सुनेला शपथ घातली आहे. मशीनने काही खाल्लेलं नाही. चांदोबा झोपतो, खार झोपते, तिसऱ्या कडव्यात कोण झोपतं गं? माझी पोरं गुणी, दुसऱ्या कडव्यातच झोपायची. तिसऱ्याची कधी गरजच पडली नाही. तुझी पोरं घुबडं. तू रोज तिसरं म्हणायचीस, पुन्हा पहिल्यापासून म्हणायचीस. तुला पाठ असणार.

ता. क. दुसरा. फोनवर सांगू नकोस, इथे सगळे ऐकतात. सरळ निघून ये. दोन मी म्हणेन, तिसरं तू म्हण. बाळाला दोन पणज्या मिळाल्या तर काही बिघडत नाही. नाही आलीस तर कवळी देणार नाही.

ता. क. तिसरा. तू निघेपर्यंत कुणाच्या तरी हाती खायला काहीतरी पाठव. कुरकुरीत काही नको, माइकला ऐकू जातं. केळी पाठव, पिकलेली. सोलताना आवाज येत नाही, मी हेडफोन लावून तपासलं आहे.