दहा वाक्यांचा नियम

९ नोव्हेंबर, रविवार
कॉलनीच्या नाट्यमंडळाने आज मला एकमताने खजिनदार केलं. दुसरं कोणी तयार नव्हतं, पण तो मुद्दा नाही. वर्गणी आणि जाहिराती मिळून जमले साठ हजार. दिग्दर्शक जीवनने हातावर बजेट टेकवलं एक लाख दहा हजारांचं! हे दिग्दर्शन नव्हे, दरोडा आहे. कार्ट्याला सरळ करणार.
नाटक विहिरीच्या खटल्याचं. न्यायाधीश मी. अख्खा दुसरा अंक माझ्या खांद्यावर. हरसूलला बहिणीला, सुलाबाईला, फोन केला. १४ डिसेंबरला स्पर्धेतला प्रयोग, सगळ्यांना घेऊन ये. चौथीच्या गॅदरिंगमध्ये मला झाडाचं काम होतं, हे ती पन्नास वर्षं गावभर सांगतेय. आता बघच म्हणावं.

११ नोव्हेंबर
नायिका बाहेरून आणणार होते. एका प्रयोगाची नाइट तीन हजार, वर रिक्षा. कापली. आमची बायको सुवर्णा फुकटात करेल. तिला विचारलं नाही, सांगितलं. ती म्हणाली, करते, पण नाटक संपेपर्यंत पोळ्या तुम्ही लाटायच्या. तात्पुरती तडजोड.

१५ नोव्हेंबर
तालमीचा वडापाव बंद. चहा अर्धा कप. जीवन म्हणतो, पोरं सोडून जातील. खायला येणारी पोरं गेलेलीच बरी.
फुकट पासही बंद. नियम लिहून भिंतीवर लावला: पास कोणालाही मिळणार नाही, खजिनदारासकट. शेवटचा शब्द मुद्दाम घातला. माणसाने आदर्श ठेवावा.

१९ नोव्हेंबर
न्यायाधीशाच्या खुर्चीचं भाडं चौदाशे! तेवढ्या पैशात दुकानदार खुर्ची विकत देईल. घरची सागवानी खुर्ची नेऊन ठेवली. मंडळात काम करणारा मी एकटा. बाकी सगळे ऐतखाऊ.

२३ नोव्हेंबर, रविवार
हवालदाराचं काम करणारे धम्मपाल सर भर तालमीत म्हणाले, न्यायाधीश डुलकी काढताहेत असं वाटतं. सगळे हसले. सुवर्णाही. हा माणूस नाटकात नको.
सरळ काढता येत नाही. म्हणून ठराव मांडला: दहापेक्षा कमी वाक्यं असलेलं पात्र कापावं. कपडे वाचतात, मेकअप वाचतो, चहा वाचतो. सरांची वाक्यं नऊ. मी आधीच मोजून ठेवली होती. ठराव मंजूर. जीवनचा हात सगळ्यात आधी वर. घाबरला असणार.

२५ नोव्हेंबर
जीवनने सगळ्यांची वाक्यं मोजली. हवालदार नऊ. न्यायाधीश सात. त्यातली पाच ‘शांतता राखा’.
मी चाळीस मिनिटं स्टेजवर असतो! मी सांगितलं, मौन हाही अभिनय आहे. जीवन म्हणाला, काका, ठराव तुमचाच आहे.
मग त्या नालायकाने माझी सात वाक्यं सरांना दिली. नऊ आणि सात सोळा. सर नियमात बसले. आता हवालदारच म्हणणार, साहेबांचं म्हणणं आहे, शांतता राखा. साहेबांची खुर्ची रिकामी. मात्र खुर्ची हवी म्हणे, ती छान आहे.

३० नोव्हेंबर, रविवार
राजीनामा लिहिला. दिला नाही. आधी पाय धरायला येऊ देत.
सुलाबाईचा फोन. जीप ठरवली, अकरा जण येताहेत. म्हणाली, दादा, तुला बघायला समदी लय खूश हायेत. खरं सांगायला तोंड उघडलं आणि म्हणालो, या लवकर.

७ डिसेंबर
सरांना खोकला! देव आहे. बाथरूममध्ये सातही वाक्यं दणक्यात म्हणून पाहिली. सुवर्णा बाहेरून म्हणाली, पोळी करपतेय.

१४ डिसेंबर, दुपारी ४
खोकला गेला. देवाचाही भरवसा नाही.
गेटवर तिकिटं तपासणाऱ्या मंडळाच्या राजने अडवलं. भिंतीवरचा नियम पाठ आहे त्याला. बारा तिकिटं काढली, स्वतःच्या खिशातून.

संध्याकाळी ७.४०
नाटक पडावं म्हणून दोन तास मनातल्या मनात शाप दिले. पडलं नाही. सुवर्णाला चार वेळा टाळ्या. इतकी सुंदर बोलते, हे मला चौतीस वर्षं कळलं नव्हतं. हवालदार रिकाम्या खुर्चीला सलाम ठोकायचा आणि हॉल हसून लोळायचा.
सुलाबाई आणि सगळे मला शोधत होते. स्टेजवर. मी शेजारीच बसलो होतो.
सुलाबाईने आधी सगळ्यांना जीपमध्ये बसवलं. मग म्हणाली, दादा, तवा झाड व्हतास, आता खुर्ची झालास. आणि पाठीवरून हात फिरवला. मला रडू आलं. पार्किंगच्या धुळीवर ढकललं.

१६ डिसेंबर
निकाल. नाटक अंतिम फेरीत. सुवर्णाला अभिनयाचं पहिलं बक्षीस, नेपथ्याला दुसरं. परीक्षकांनी खुर्चीचं खास कौतुक केलं.
राजीनामा दिला. जीवनने वाचलाच नाही, मागच्या कोऱ्या बाजूवर अंतिम फेरीचं बजेट मांडलं. कागद वाचला म्हणाला.
अंतिम फेरी २० जानेवारीला. तोपर्यंत पोळ्या माझ्याकडे. आणि घरात बसायला खुर्ची नाही.